आल्याची बीअर फसफसेना? कुठं अडकलंय ते आधी शोधा

घरी जिंजर बीअर करायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न चवीचा नसतो. ‘बरणीत बुडबुडाच दिसेना, ओतून टाकू काय?’ हा असतो. बेळगावातल्या आणि खानापूर-निपाणीकडच्या ओळखीच्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. ओतू नका, आणि घाईनं त्यात काही घालूही नका. आंबणं थांबलंय असं वाटणं वेगळं आणि ते खरंच थांबणं वेगळं. खरंच थांबलं असलं तरी कारण सापडायच्या आत साखर, यीस्ट, कोमट पाणी असं एकामागून एक घालत गेलात, तर कशानं काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

कृती तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. तरी अगदी नव्यानं करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सालीसकट बारीक चिरलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत घालून वर फडकं बांधायचं आणि रोज चमचाभर आलं, चमचाभर साखर घालून ढवळायचं. हवा बरी असेल तर ३ ते ७ दिवसांत ते फसफसायला लागतं. हे झालं विरजण. मग आल्याचा गोड काढा उकळून पूर्ण निववायचा, त्यात गाळलेलं विरजण मिसळायचं, सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून घट्ट झाकण लावायचं. एक ते तीन दिवसांत बाटली कडक झाली की फ्रिजमध्ये. माझं प्रमाण २ लिटरला दीडशे ग्रॅम आलं, १६० ग्रॅम साखर, सव्वाशे मिली विरजण आणि दोन लिंबं असं असतं.

कायद्याची बाजू

ही वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. यीस्ट साखर खातं तेव्हा वायूबरोबर अल्कोहोलही तयार होतं, ते टाळता येत नाही. बाटलीतल्या द्रवात त्याच्या आकारमानाइतका वायू विरघळवायला लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर लागते. हलक्या फेसाला दुप्पट वायू पुरतो, म्हणजे ८ ग्रॅम साखर, आणि तेवढ्यात अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातं. बाजारातल्या कोलासारखा जोरदार फेस हवा असेल तर १४ ते १६ ग्रॅम साखर खर्ची पडते आणि अल्कोहोल टक्क्याजवळ पोचतं. आपण लिटरला घालतो ८० ग्रॅम. ती सगळी आंबू दिली तर साध्या बीअरइतकं, ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होईल.

अन्नसुरक्षेच्या केंद्रीय नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं, आणि कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही. रेषा बारीक आहे. म्हणून या लेखात जिथं जिथं ‘पुन्हा सुरू करा’ असं म्हटलंय तिथं अर्थ एकच: हलका फेस येईपर्यंत, त्यापुढं नाही. विकायचं नाही, यात्रेतल्या स्टॉलवर मांडायचं नाही, लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा दारू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला न सांगता द्यायचं नाही.

हाताशी काय असावं

- स्वयंपाकाचा किंवा खोलीचा तापमापक. ताप बघायचा चालत नाही, आपल्याला लागणारे २०-२५ अंश त्यावर दिसतच नाहीत.
- सोडा किंवा कोलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, मूळ झाकणासकट. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या दाबासाठी केलेल्या नसतात, त्या नकोत.
- रबरी फुगे, दोन-तीन.
- वजनकाटा. वाटीच्या मापानं साखर घातली की पुढचं सगळं अंदाजपंचे.
- सुती फडकं, गाळणं, रुंद तोंडाची काचेची बरणी.
- एक वही. तारीख, खोलीचं तापमान आणि त्या दिवशी काय घातलं, एवढंच लिहायचं.

ऊस लावणाऱ्या घरात ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बघायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतोच. तोही काढून ठेवा, पण त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा ते खाली सांगते.

१. खरंच थांबलंय का?

बाटलीपासून सुरुवात करा. बाटली दाबून बघा. मऊ आहे? मग झाकण नीट बसलंय का बघा. वायू तयार होतोय पण झाकणातून निघून जातोय, हा प्रकार वाटतो त्याहून खूप जास्त आढळतो. झाकणाभोवती साबणाचं पाणी लावून बाटली हलकेच दाबा. बुडबुडे आले तर तुमचं आंबणं ठीक चाललंय, झाकण बदला. जुन्या बाटलीच्या झाकणातली चकती सुटलेली असते किंवा आटे झिजलेले असतात.

बरणीतल्या विरजणात फेस दिसला नाही म्हणून ते मेलं असं नाही. सकाळी ढवळायच्या आधी कान लावून ऐका, बारीक चुरचुर येते का? ढवळल्यावर कडेला सुईच्या टोकाएवढे बुडबुडे वर येतात का? आल्याचे तुकडे काल तळाशी होते आणि आज वर तरंगताहेत का? यातलं एक जरी असलं तरी ते जिवंत आहे, फक्त सावकाश चाललंय.

मग चव. कालच्यापेक्षा गोडी कमी आणि जिभेवर किंचित झिणझिणी असेल तर काम चालू आहे. गोडी तश्शीच असेल तर शंका रास्त आहे. आता ब्रिक्स मीटरचं. उसाच्या रसात तो बरोबर साखर दाखवतो, पण आंबलेल्या द्रवात अल्कोहोल मिसळलेलं असतं आणि त्यामुळं आकडा असायला हवा त्याहून जास्त दिसतो. घरी बीअर करणारे जगभर याच जागी फसतात. मीटर एका आकड्यावर अडकलेला दिसतो, माणूस यीस्ट वाढवतो, आणि आत साखर उतरतच असते. आपल्या हलक्या पेयात हा फरक फार नसतो, पण असतो. तेव्हा मीटरचा आकडा नुसता ‘उतरतोय की नाही’ एवढ्यापुरता वापरा, आणि दर वेळी द्रव एकाच तापमानाला आणून, हलवून वायू घालवून मगच थेंब ठेवा.

आणि किती दिवस झाले ते गाव आणि महिना बघून ठरवा. अथणीत एप्रिलमध्ये जी बाटली एका रात्रीत कडक होते ती जांबोटीला जुलैमध्ये चार-पाच दिवस घेईल. दोघांचीही बरोबरच चाललेली असते. इंटरनेटवरच्या कृतीतले ‘दोन दिवस’ कुणाच्या स्वयंपाकघरातले आहेत ते आपल्याला माहीत नसतं.

२. विरजणात अडकलं की बाटलीत?

ही एक चाचणी केली की निम्मा गोंधळ मिटतो. लहान बाटलीत अर्धा कप कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम गरम लागेल असं, ३० अंशांच्या आसपास. त्यात चमचाभर साखर विरघळवा, दोन मोठे चमचे विरजण घाला, तोंडावर फुगा चढवा आणि उबदार जागी ठेवून द्या. रात्रभरात फुगा उभा राहिला, अर्धवट का होईना, तर विरजण ठीक आहे. मग दोष काढ्यात किंवा बाटली ठेवल्या जागेत. फुगा लोंबतच राहिला तर विरजण अशक्त आहे किंवा मेलंय, बाटल्यांकडं बघत बसू नका.

विरजण जिवंत निघालं तर चार क्रमांकाकडं जा, अशक्त निघालं तर पाचकडं. तीन मात्र दोघांनीही वाचायचं.

३. थंडी

आमच्या भागातल्या अडकलेल्या आंबण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ अंशांपर्यंत सहज उतरतो. आपल्याला दुपारी ऊन लागतं म्हणून खोली गरम वाटते, पण बरणीतलं पाणी रात्रीची थंडी धरून बसतं. यीस्टला २४ ते ३० अंश मानवतात. १८ च्या खाली ते रेंगाळतं, १२-१३ ला जवळजवळ झोपतं. झोपतं, मरत नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या धोक्याचं मूळ इथंच आहे.

तापमापक हवेत धरू नका, बरणीतल्या द्रवात बुडवा. आकडा बघून बरेच जण चकित होतात.

दोन सापळे खास आपल्याकडचे. पहिला माठाचा. खानापूरची मडकी नावाजलेली आहेत आणि ‘मातीच्या भांड्यात आंबवलं की चव येते’ असं कुणीतरी सांगतंच. पण माठाच्या अंगातून पाणी झिरपून वाळत राहतं, त्यामुळं आतला द्रव खोलीपेक्षाही गार होतो. थंडीत माठात विरजण ठेवणं म्हणजे त्याला मुद्दाम गारठवणं. शिवाय सच्छिद्र मातीत आधीच्या खेपेचे जंतू घर करून राहतात. काच बरी. दुसरा सापळा फरशीचा. ओट्याखाली किंवा देवघराच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीवर थेट ठेवलेली बरणी रात्रभर गार पडत राहते. खाली लाकडी पाट किंवा दुमडलेलं पोतं घाला. एवढ्यानंही दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो.

ऊब द्यायची कशी? इडलीच्या पिठासाठी लोक ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायला सांगतात. तो सल्ला पिवळ्या बल्बलाच लागू. एलईडी दिवा असेल तर उजेड पडतो, ऊब पडत नाही. मी थर्माकोलची पेटी वापरते. आत बाटल्या आणि शेजारी गरम पाण्यानं भरलेली एक बाटली, टॉवेलात गुंडाळून. सकाळ-संध्याकाळ ते पाणी बदललं की आत २५ अंश आरामात राहतात. पेटी नसली तर मोठ्या कॅसरोलमध्ये बरणी बसते का बघा. चुलीशेजारी किंवा गॅसच्या शेगडीला लागून ठेवू नका. एक बाजू ४५ वर जाते आणि तिथलं यीस्ट मरतं, दुसरी बाजू गारच.

पावसाळ्याचं गणित निराळं. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, दिवसदिवस सूर्य दिसत नाही, पण हवा दिवसरात्र सारखीच राहते. आंबणं सावकाश पण सुरळीत चालतं, फक्त दुप्पट वेळ द्या आणि फडक्यावर बुरशी धरतेय का ते रोज बघा. उलट अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात अडचण थांबण्याची नसून धावण्याची असते. ३५ च्या वर जिवाणू पुढं सरकतात, आंबट होतं आणि वासही बिघडतो. तिथं मात्र माठ कामाला येतो. बाटल्या माठातल्या पाण्यात उभ्या करून ठेवा.

तापमान वाढवल्यावर दोन दिवस दुसरं काहीही करू नका. बहुतेक गाड्या इथंच सुरू होतात.

४. विरजण जिवंत आहे, बाटली सुस्त आहे

मग काढ्यात काय घातलंत ते आठवा, म्हणजे वही काढा.

गरम काढ्यात विरजण ओतलं? हे मी आधी विचारते, कारण इथं दुसरं काही शोधायची गरज उरत नाही. पातेलं बाहेरून निवलेलं वाटतं आणि आत ५० अंश असतात. ३० च्या खाली आल्याशिवाय मिसळायचं नाही.

मसाले घातले? आपल्याकडं आल्याचा काढा म्हटलं की हात आपोआप लवंग-दालचिनीकडं जातो. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही दोन्ही जंतूंना रोखणारी द्रव्यं. चिमूटभरानं काही बिघडत नाही, पण सर्दीच्या काढ्यासारखा जोरकस मसाला असेल तर यीस्ट उठणारच नाही. मसाल्याचा वास हवाच असेल तर प्यायच्या वेळी पेल्यात घाला.

लिंबाचा हात सैल सुटला? २ लिटरला दोन लिंबं ठीक. पाच-सहा पिळलीत तर आम्लता इतकी वाढते की यीस्ट आखडतं. मीठ, काळं मीठ, जिरेपूड हे सरबताचे संस्कार आहेत, तेही पेल्यातच.

बाटलीबंद लिंबूरस किंवा आल्याची तयार पेस्ट वापरली? पुडक्यामागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, सल्फाइट यांपैकी काहीही असलं तरी ते घातलंय कशासाठी, तर आंबू नये म्हणून. आणि ते आपलं काम चोख करतं. अशा बाटलीला वाचवायच्या नादाला लागू नका, सरबत म्हणून पिऊन टाका.

मनुका घालणाऱ्यांसाठीही हेच. अथणी-तासगावकडचा पिवळाधमक, चकचकीत बेदाणा रंग टिकावा म्हणून बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेला असतो. तो यीस्टला पोषक म्हणून घातला जातो आणि नेमका उलटा परिणाम होतो. काळ्या मनुका घ्या.

काकवीनं गोड केलंय? काकवी उत्तम, पण ती दाट असते आणि तळाशी बसते. वरचं पाणी फिकं, तळाशी पाक. यीस्ट तळाशी जाऊन त्या पाकात अडकतं आणि दाट साखरेत त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेतलं जातं. आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच घाला. बाटलीत झालंच असेल तर झाकण अगदी सावकाश सैल करून वायू सोडा, पुन्हा घट्ट करा आणि बाटली हळू उलटसुलट करा. जोरात हलवू नका.

५. विरजणच उठेना

आलं. धुऊन पांढरंशुभ्र केलेलं, साल खरवडलेलं किंवा महिनोन्‌महिने शीतगृहात राहिलेलं आलं असेल तर त्यावर यीस्ट फारसं उरलेलं नसतं. आपल्याला हवं असतं ते सालीवरचं. बेळगावच्या रविवार पेठेतून किंवा आठवडी बाजारातून माती लागलेलं, टणक, ताजं आलं आणा. माती जाईल एवढंच धुवा, घासू नका, सोलू तर नकाच. आधीचं विरजण टाकायची गरज नाही, नव्या आल्याचे दोन चमचे त्यात घाला आणि दोन दिवस बघा.

पाणी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी नळानं येतं, क्लोरीन टाकून. क्लोरीन जंतू मारायलाच असतं आणि ते आपलं-परकं बघत नाही. नळाचं पाणी उकळून निववा किंवा रुंद पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा. विहिरीचं पाणी असेल तर उकळाच. आरओचं पाणी चालतं, पण त्यात खनिजं नसतात. साखरही पांढरी आणि पाणीही आरओचं असेल तर यीस्टची उपासमार होते. अशा वेळी एका फेरीला साखरेऐवजी गूळ घाला.

गुळाबद्दल मात्र सांगायलाच हवं. गुऱ्हाळात रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे सगळे ज्याला हायड्रोस म्हणतात ते, घालतात. त्यातून गुळात गंधकाचा अंश राहतो आणि तो आंबण्याला मारक असतो. पिवळाजर्द, बाजारात चटकन उचलला जाणारा गूळ विरजणाला नको. काळपट, थोडा ओशट दिसणारा गूळ गुऱ्हाळावर जाऊन मागितलात तर मिळतो. गुऱ्हाळवाले हसतात, हसू देत.

साखरेचं प्रमाणही बघा. रोज चमच्याऐवजी मूठभर घातलीत तर विरजणाचा पाक होतो. बोटाला चिकट लागत असेल तर निम्मं काढून टाका आणि तेवढंच उकळून निववलेलं पाणी घाला.

विरजण आंबट झालंय पण बुडबुडा नाही, असाही एक प्रकार असतो. यात जिवाणू जिंकलेले असतात. या पेयात यीस्ट आणि जिवाणू असा दोघांचा संसार असतो. इंग्लंडमध्ये जिंजर बीअरसाठी एक दाणेदार विरजण पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जायचं, त्याचा अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात हे दोघं एकत्र राहतात असं दाखवून दिलं. आपलं विरजण ते नव्हे, पण घडण तीच. तराजू जिवाणूंकडं झुकला असेल तर तीन चतुर्थांश विरजण काढून टाका, उरलेल्यात ताजं पाणी, ताजं आलं आणि साखर घाला आणि दिवसातून तीन-चार वेळा जोरात ढवळा. वाढीच्या काळात यीस्टला प्राणवायू लागतो. बरणीचं तोंड घट्ट बंद करून ठेवलं असेल तर तेही कारण असू शकतं, फडकं बांधा.

६. पुन्हा सुरू करायचं

वरचं सगळं बघून झालं, तापमान ठीक आहे, मारक काही घातलेलं नाही, तरी बाटल्या सुस्तच? मग हे करा, याच क्रमानं.

क. सगळ्या बाटल्यांतला द्रव स्वच्छ पातेल्यात एकत्र ओता. ओतताना तोंडात घोटभर घ्या, गोडी लिहून ठेवा.

ख. कपभर द्रव बाजूला काढा. त्यात फुग्याच्या चाचणीत उत्तीर्ण झालेलं विरजण पाऊण कप घाला आणि उबदार जागी चार-सहा तास ठेवा. फेस दिसायला लागला की मगच पुढं. सुस्त द्रवात थेट विरजण ओतण्यापेक्षा हे फार खात्रीचं, कारण यीस्ट त्या आम्लतेला आणि गोडीला आधी सरावतं.

ग. हा फेसाळ कप उरलेल्या द्रवात मिसळा. दोन्हींचं तापमान सारखं असू द्या. उबदार यीस्ट एकदम गार द्रवात पडलं की पुन्हा आखडतं.

घ. बाटल्या भरताना वर तीन-चार बोटं जागा सोडा. नवी साखर घालू नका. ‘खायला काही नसेल म्हणून थांबलं’ हे आपल्या प्रमाणात जवळजवळ अशक्य आहे, ८० ग्रॅम साखर आत पडलेलीच आहे.

विरजण मिळतच नसेल तर बेकरीचं कोरडं यीस्ट चालतं. २ लिटरला चिमूटभर, चमच्याचा आठवा भाग पुरे. ३५-४० अंशांच्या पाण्यात साखरेच्या दाण्यांसह दहा-पंधरा मिनिटं भिजवा. फेस आला नाही तर पुडी जुनी आहे. फोडून महिनोन्‌महिने कपाटात पडलेली पुडी बहुधा मेलेलीच असते. बेकरीच्या यीस्टला चव पावासारखी येते, मला ती आवडत नाही, आणि ते वेगानंही धावतं. तासांच्या हिशेबानं लक्ष ठेवायला लागेल.

७. थांबलेली बाटली हीच सगळ्यात धोक्याची

हे वाचताना घाई करू नका. थंडीनं झोपलेलं यीस्ट जागं झालं की त्याच्यापुढं जवळजवळ सगळी साखर तशीच असते. जोरदार फेसाला १६ ग्रॅम पुरतात आणि आत आहेत ८०, म्हणजे पाचपट. जानेवारीत ‘काही होत नाही’ म्हणून माळ्यावर ठेवून विसरलेली बाटली मार्चच्या पहिल्या उकाड्यात फुटते. काच असेल तर तुकडे भिंतीत रुततात.

म्हणून बाटल्यांना काच नकोच. जुन्या दारूच्या किंवा कोकमाच्या बाटल्या तर अजिबात नको. गोटी सोड्याची बाटली बघून मोह होतो. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७० च्या दशकात पेटंट घेतलेल्या रचनेची, आणि तिच्यातली गोटी भरतानाच्या दाबानं वर बसते. आपल्या बाटलीत दाब हळूहळू वाढतो, तोवर गोटी मानेत खालीच आणि वायू बाहेर. फुटणार नाही कदाचित, पण काम नक्की होणार नाही.

प्लास्टिकची बाटली सकाळ-संध्याकाळ अंगठ्यानं दाबायची. किंचित दबते पण लगेच परत येते, इथं फ्रिज. दगडासारखी लागली तर उशीर झालाय. तशी बाटली खोलीत उघडू नका. आधी चार-पाच तास फ्रिजमध्ये गार करा, मग मोरीत नेऊन टॉवेल गुंडाळून झाकण थोडं-थोडं सैल करा. पुन्हा सुरू केलेल्या बाटल्या झाकणाच्या डब्यात किंवा बादलीत, वर जाड कापड टाकून ठेवायच्या. फ्रिजमध्येही आंबणं पूर्ण थांबत नाही, मंदावतं. आठवड्यात संपवा. वीज गेली आणि फ्रिज दिवसभर बंद राहिला तर बाटल्या पुन्हा तपासा.

८. कधी टाकून द्यायचं

वर पांढरा, सुरकुतलेला, सपाट थर आला असेल तर तो रानटी यीस्टचा असतो. काढून टाकता येतो, चव मात्र उतरते. हिरवी, काळी, गुलाबी किंवा लव असलेली बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचं नाही, सगळं जाऊ द्या. कुजका किंवा सडक्या अंड्याचा वास दोन दिवस हवा देऊनही गेला नाही तरी तेच.

बुळबुळीत, ओतताना तार धरणारं पेय झालं तर ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रन बनवताहेत. साखर कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, तोडून दिवस-दिवस पडलेल्या उसात हाच प्रकार होतो आणि रस गाळताना त्रास देतो. पिऊन सहसा अपाय होत नाही, पण ते पुन्हा पातळ होईल म्हणून वाट बघू नका आणि त्यातलं विरजण पुढं वापरू नका.

टाकल्यावर बरणी गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन उन्हात वाळवा, फडकं उकळा. प्लास्टिकच्या बाटल्या ओरखडे पडलेल्या असतील तर भंगारात द्या, ओरखड्यात बुळबुळ लपते आणि पुढच्या खेपेला पुन्हा निघते. झाकणं तर दर दोन-तीन खेपांनी बदलाच.